पेन्शनवर आलात? मग हे फोन येणारच

‘जय हिंद साब. रेकॉर्ड ऑफिस से बोल रहा हूँ. आपका लाइफ सर्टिफिकेट रिजेक्ट हुआ है. आज शाम पाँच बजे तक अपडेट नहीं हुआ तो इस महीने की पेंशन रुक जाएगी.’

हा फोन आला तेव्हा मी अंगणात खाटेवर बसलो होतो. ‘रेकॉर्ड ऑफिस’, म्हणजे फौजीच्या नोकरीचे कागद सांभाळणारं कार्यालय, हे नाव ऐकलं आणि उठून उभा राहिलो. घरी येऊन चार वर्षं झाली होती, तरी उभा राहिलो. पलीकडच्यानं माझा आर्मी नंबर बरोबर सांगितला, रँक बरोबर, बँक बरोबर, खात्याचे शेवटचे चार आकडेही बरोबर. दोन मिनिटं मी नुसतं ‘जी साब, जी साब’ करत होतो. आणि मी स्वतः क्लार्क! असली पत्रं २२ वर्षं मीच टाइप केलेली. मला वाचवलं ते ‘आज शाम पाँच बजे’नं. कुठलंही काम त्याच दिवशी संध्याकाळी पाचच्या आत झालेलं मी कुठल्याही रेकॉर्ड ऑफिसात पाहिलेलं नाही. म्हटलं, ‘साब, लेटर भेज दीजिए.’ फोन कट.

नंतर बराच वेळ वाटत राहिलं, मी उभा का राहिलो? फौजेनं आपल्या अंगात दोन गोष्टी मुरवल्या आहेत. आवाजात हुकूम असला की आधी ‘जी साब’, प्रश्न नंतर. आणि पलटणीच्या माणसावर डोळे झाकून भरवसा. बॉर्डरवर याच दोन गोष्टींनी जीव वाचतात. घरी आल्यावर ठग बरोबर याच दोन ठिकाणी हात घालतो. म्हणून नव्यानं पेन्शनवर आलेल्या भावांना आणि त्यांच्या घरच्यांना मी सगळ्यात आधी एकच सवय लावायला सांगतो. फोन कुणाचाही असो, ऐकून घ्या, ठेवून द्या आणि आपल्या वहीतल्या नंबरवर आपण स्वतः फोन करा. आलेल्या फोनवर कुठलंही काम करायचं नाही.

आता ही वही कुठली, तिथपासून सुरुवात करू.

पहिला आठवडा: वही आणि फाईल

साधी शंभर पानी वही घ्या. त्यात स्वतःच्या हातानं नंबर लिहा: तुमचं रेकॉर्ड ऑफिस, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय, बँकेची शाखा, ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) पॉलिक्लिनिक, आणि सायबर फसवणुकीसाठी १९३०. हे नंबर गुगलवर शोधून घेऊ नका, तिथे खोटे ‘कस्टमर केअर’ नंबर पेरलेले असतात. पासबुकावरून, डिस्चार्जच्या कागदांवरून किंवा त्या कार्यालयात जाऊन घ्या. वही फोनजवळ ठेवा, कपाटात नको. आणि घरात सगळ्यांना ठाऊक असू द्या. तुम्ही शेतात असताना फोन मंडळीच उचलणार आहेत.

फाईलमध्ये पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), डिस्चार्ज बुक, जिल्हा सैनिक कार्यालयानं दिलेलं माजी सैनिकाचं ओळखपत्र, ईसीएचएस कार्ड, पॅन, आधार आणि पासबुकाच्या प्रती. पीपीओ हातात आला की त्याच आठवड्यात बायकोचं नाव आणि जन्मतारीख पीपीओवर आणि आधारवर अक्षरन् अक्षर जुळते का ते बघा. नोकरीत असताना लग्नाचा पार्ट टू ऑर्डर (नोकरीच्या रेकॉर्डमधली अधिकृत नोंद) निघाला, त्यात नाव एक. आधार काढताना गावच्या पोरानं टाकलं दुसरं. आज काही अडत नाही. पण तुमच्या माघारी फॅमिली पेन्शनसाठी ती दारोदार फिरते आणि त्याच दारात ‘वहिनी, मी करून देतो, दहा टक्के द्या’ म्हणणारा उभा असतो. तुम्ही असताना ही दुरुस्ती सहज होते. पेन्शनचं खातं बायकोसोबत जॉइंट करा, नॉमिनी तपासा. फसवणुकीशी याचा काय संबंध, असं वाटेल. माझ्या पाहण्यातली निम्मी फसवणूक अर्धवट कागदांतूनच आत शिरली आहे.

पलीकडच्याला माझी माहिती कुठून मिळाली, हे मला नंतर कळलं. आमच्या जुन्या साथीदारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर आठवड्याला कुणीतरी पीपीओचा फोटो टाकतं आणि खाली लिहितं, ‘बघा रे, माझी पेन्शन बरोबर लागली आहे का?’ मीही टाकला होता. त्या कागदावर आर्मी नंबर, जन्मतारीख, पत्ता, बँक, खातं, सगळं असतं. ग्रुपमध्ये अडीचशे माणसं, त्यातल्या साठ जणांना कुणीच ओळखत नाही. पेन्शनचा हिशेब करून घ्यायचाच असेल तर रँक, पगाराचा ग्रुप आणि सेवेची वर्षं एवढं लिहिलं तरी पुरतं. कॅन्टीन कार्ड, ईसीएचएस कार्ड, ओळखपत्र यांचे फोटोही ग्रुपवर नकोत. वर्दीतला फोटो आणि कार्डाचा फोटो एकत्र हाती लागला की तुमच्या नावानं दुसराच कुणी ‘फौजी’ तयार होतो. तो किस्सा पुढे येतोच.

स्पर्श, जीवन प्रमाण आणि भीतीचे फोन

आता बहुतेकांची पेन्शन ‘स्पर्श’ या संरक्षण पेन्शनच्या ऑनलाइन पोर्टलवरून येते. ते चालवतं प्रयागराजचं पीसीडीए पेन्शन कार्यालय, म्हणजे संरक्षण लेखा खात्याचं पेन्शन ऑफिस. लॉगिनचा पासवर्ड आणि मोबाइलवरचा ओटीपी ज्याच्या हातात, त्याच्या हातात तुमची पेन्शन. त्यामुळे स्पर्शला जोडलेला मोबाइल नंबर स्वतःचा हवा. मुलाच्या मित्राचा नको आणि सेवा केंद्रवाल्याचा तर अजिबात नको. केंद्रावर काम करून घेतलंत तर उठण्याआधी लॉगआउट झालंय का ते स्वतः बघा, आणि घरी येऊन पासवर्ड बदला. केंद्रवाला वाईट असेलच असं नाही, पण त्या कॉम्प्युटरवर दिवसभर गाव बसतं.

लाइफ सर्टिफिकेट म्हणजे हयातीचा दाखला, वर्षातून एकदा द्यायचा. जीवन प्रमाण ही डिजिटल दाखल्याची सोय २०१४ मध्ये सुरू झाली. आता आधारच्या चेहरा ओळखीनं घरबसल्या मोबाइलवरूनही दाखला देता येतो. ते जमत नसेल तर सेवा केंद्र किंवा स्पर्शचं सर्व्हिस सेंटर आहेच. फोनवर कुणाला ओटीपी सांगून दाखला होत नाही. आणि ही गोष्ट पाठच करा: दाखला चुकला तर पेन्शन बुडत नाही, थांबते. दाखला दिला की मागच्या थकबाकीसह सुरू होते. ‘आज शाम तक’ या भीतीतली हवा एवढ्यानंच निघते.

दुसरा प्रकार आनंदाचा. वन रँक वन पेन्शन, म्हणजे सारखा हुद्दा आणि सारखी सेवा तर सारखी पेन्शन, १ जुलै २०१४ पासून लागू झाली, दर पाच वर्षांनी तिची फेररचना होते, २०१९ ची झाली, २०२४ ची झाली. प्रत्येक वेळी व्हॉट्सॲपवर फाईल फिरते: ‘आपका एरियर चेक करें’. महागाई भत्ता वाढला की फिरते, वेतन आयोगाची बातमी आली की फिरते. फाईलच्या नावाच्या शेवटी एपीके असेल तर ती फाईल नाही, ॲप आहे. उघडून ‘इन्स्टॉल’ केलंत की तुमचे मेसेज तिकडे वाचले जातात, ओटीपीसह. थकबाकी आपोआप खात्यात येते. त्यासाठी ॲप लागत नाही, लिंक लागत नाही, ‘प्रोसेसिंग फी’ तर नाहीच. चुकून इन्स्टॉल झालंच तर आधी फोन विमान मोडवर टाका, मग दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा.

तिसरा प्रकार ‘डिजिटल अरेस्ट’. व्हिडिओ कॉलवर पोलिसाची वर्दी, मागे बोर्ड, समोर फाईल. तुमच्या आधारवर पार्सल सापडलं, मनी लाँडरिंग आहे, कॅमेऱ्यासमोरून उठायचं नाही, घरात कुणाला सांगायचं नाही. सिव्हिलियनपेक्षा फौजी माणूस यात लवकर अडकतो, असं माझं मत आहे. कारण ‘सर्विस का रेकॉर्ड खराब होगा’ हे वाक्य त्याला तुरुंगापेक्षा जास्त लागतं. भारतीय कायद्यात डिजिटल अरेस्ट नावाचा प्रकारच नाही. २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनीही हेच सांगितलं होतं. व्हिडिओवर चौकशी करून ‘तपासणीसाठी’ पैसे मागणारी कुठलीच सरकारी यंत्रणा नाही. कुणाला सांगू नका असं कुणी म्हणालं, की त्याच क्षणी शेजाऱ्याला हाक मारा.

बँकेच्या नावानं येणाऱ्या फोनसाठी दोन खुणा. बँका आणि विमा कंपन्यांच्या व्यवहाराच्या फोनसाठी १६०० नं सुरू होणारे नंबर राखून ठेवले आहेत. साध्या दहा आकडी मोबाइलवरून ‘बँक’ बोलायला लागली तर वही उघडा. आणि रिझर्व्ह बँकेनं बँकांच्या संकेतस्थळांचे पत्ते ‘डॉट बँक डॉट इन’वर आणायला लावले आहेत. त्या शेपटीवाचून आलेल्या पानावर पासवर्ड टाकू नका.

हातात आलेली एकगठ्ठा रक्कम

खरा धोका इथे आहे. फोनवाले हजारांत लुटतात, कधी लाखांत. घरी चहा प्यायला येणारा माणूस आयुष्याची कमाई नेतो.

पस्तिशी-चाळिशीत आपण घरी येतो. ग्रॅच्युइटी, कम्युटेशन, लीव्ह एनकॅशमेंट, फंड, आर्मी ग्रुप इन्शुरन्स, सगळं एकदम खात्यावर पडतं. आयुष्यात एवढे आकडे एकत्र पाहिलेले नसतात. गावाला ते आपल्या आधी कळतं. अग्निपथमधून २०२२ नंतर भरती झालेल्या पोरांचं तर आणखी अवघड. चार वर्षांनी पंचविशीच्या आसपास बाहेर, हातात सेवा निधीची एकगठ्ठा रक्कम, आणि बहुतेकांच्या मागे पेन्शन नाही.

आधी कम्युटेशन नीट समजून घ्या. ते बक्षीस नव्हे. पुढची १५ वर्षं तुमच्या पेन्शनमधून जे कापलं जाणार आहे, ते आगाऊ हातात दिलेलं आहे. ती रक्कम गेली तरी कपात चालूच राहते.

आता चहाला कोण येतं? निवृत्त सुभेदार. तुमच्याच पलटणीचा, एखाद वेळी तुमचा जुना प्लाटून कमांडर. सोबत टाय घातलेला एक पोरगा. स्कीम अशी: दहा लाख ठेवा, महिना पाच टक्के. म्हणजे महिन्याला ५० हजार. पहिल्या महिन्यात येतात, दुसऱ्यात येतात, सहाव्यातही येतात. तुम्ही मग मेहुण्याला सांगता, दोन साथीदारांना सांगता. वर्षभरात तुमच्या हाती सहा लाख आले. ते तुमच्याच दहातले होते आणि उरलेले तुमच्या मेहुण्याच्या पैशात मिसळून गेले. तेराव्या महिन्यात ऑफिसला कुलूप.

सुभेदार खोटं बोलत नव्हता, हे यातलं सगळ्यात वाईट. त्यानं स्वतःचेही टाकलेले असतात. त्याच्या चेहऱ्यावर खोटेपणा दिसत नाही, कारण तो नसतोच. म्हणून माणूस ओळखून पैसे देऊ नका, कागद ओळखून द्या. आदर राखून एवढंच म्हणायचं: ‘साहेब, तुमच्यावर शंका नाही. कंपनीचा रजिस्ट्रेशन नंबर द्या, मी बघतो आणि कळवतो.’ नंबर घेतला की तो बघायचा कसा?

ठेव घेत असेल तर रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ पोर्टलवर ती कंपनी ठेवी घ्यायला पात्र आहे का ते दिसतं. शेअर, फॉरेक्स, ‘एआय ट्रेडिंग’ म्हणत असेल तर सेबीच्या (शेअर बाजारावर देखरेख ठेवणारी संस्था) संकेतस्थळावर नोंदणी शोधा. सेबीकडे नोंदलेला माणूस ठरावीक परताव्याची हमी देऊच शकत नाही, त्यामुळे हमी दिली की तिथेच विषय संपवायचा. व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये घेऊन शेअरच्या ‘टिप्स’ देणारे आणि वेगळंच ॲप डाउनलोड करायला लावणारेही याच जातीचे. ॲपवर नफा दिसतो, काढायला गेलं की ‘टॅक्स भरा’ म्हणतात. परवान्याशिवाय लोकांकडून ठेवी गोळा करणं २०१९ च्या अनियंत्रित ठेव योजना बंदी कायद्यानं गुन्हा आहे. शिवाय महाराष्ट्रात ठेवीदारांच्या संरक्षणाचा १९९९ चा एमपीआयडी कायदा आहे, त्यात ठगाची मालमत्ता जप्त करता येते. पण कायद्यानं पैसे परत यायला वर्षं जातात. मी माणसं तारखांना जाताना पाहिली आहेत, त्यातली दोन तारखांमध्येच गेली.

मग ठेवायचे कुठे? पहिले सहा महिने सरळ एफडी. जमीन नाही, गाडी नाही, कुणाला उसने नाहीत. कुणी विचारलंच तर ‘सगळे अडकवलेत’ सांगायचं. बँकेतल्या ठेवीला एका बँकेत एका माणसामागे पाच लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेला तो विमा लागू नाही. गावच्या पतसंस्थेचे चेअरमन कितीही भले असले तरी हे लक्षात ठेवा. पोस्टाची मासिक उत्पन्न योजना आहे, एकट्याला ९ लाखांपर्यंत आणि जॉइंटला १५ लाखांपर्यंत. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेला साधारणपणे ६० वय लागतं, पण संरक्षण दलातून निवृत्त झालेल्यांना ती ५० पासून खुली आहे, मर्यादा ३० लाख. ही सवलत बऱ्याच फौजींना ठाऊकच नसते आणि काउंटरवरच्या माणसालाही नसते. नियम दाखवा म्हणावं.

बँकेतच बसलेला एक साहेब एफडीच्या नावावर विमा पॉलिसी चिकटवतो, तेही बघा. सही करण्याआधी ‘प्रीमियम’ हा शब्द कुठे आहे का ते शोधा. असेल तर ती एफडी नाही. घरी आल्यावर कळलं तरी पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते.

प्लॉटबद्दल थोडक्यात. ‘खास सैनिकांसाठी सोसायटी’ असा बोर्ड लावायला सैन्याची परवानगी लागत नाही, कुणीही लावतो. ब्रोशरवर तिरंगा आणि रणगाडा असला म्हणून जमीन बिगरशेती होत नाही. सातबारा ऑनलाइन स्वतः काढा, फेरफार बघा, महारेराचा (प्रकल्पाच्या सरकारी नोंदणीचा) नंबर पोर्टलवर टाकून बघा. टोकन देण्याआधी तलाठ्याकडे एक चक्कर मारा.

नोकरीच्या नावाखाली

ठरलेली नोकरी देतो म्हणून कुणी पैसे मागत असेल, तर नोकरी नाही एवढंच समजायचं. वर्दीचं डिपॉझिट, ट्रेनिंग फी, फाईल चार्ज, नाव काहीही असू दे. पुनर्वसन महासंचालनालय म्हणजे डीजीआर, जिल्हा सैनिक कार्यालय आणि पुण्याचं मेस्को, म्हणजे राज्याचं माजी सैनिक महामंडळ, या मार्गांनी नाव नोंदवा. मुलाच्या भरतीसाठी ‘आतून सेटिंग आहे’ म्हणणाऱ्यालाही हेच. आपण स्वतः मैदानात पळून भरती झालो, हे पोराची वेळ आली की विसरतो, याचं मला नवल वाटतं.

वीरपत्नींसाठी आणि त्यांच्या दिरांसाठीही

हे लिहिताना हात जड होतो, पण लिहायलाच हवं. जवान गेला की पंधरा दिवसांत मदतीची घोषणा पेपरात आकड्यासह छापून येते. त्याच आकड्याच्या मागे माणसं येतात. कुणी ‘मंत्रालयात ओळख आहे’ म्हणतो, कुणी कोऱ्या कागदावर सही मागतो, कुणी क्लेम मिळवून देण्यासाठी टक्केवारी ठरवतो.

वहिनी, तीन गोष्टी. तुमच्या हक्काच्या कुठल्याही रकमेसाठी मध्यस्थ लागत नाही. युनिट, रेकॉर्ड ऑफिस आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय हे काम फुकट करतात, ते त्यांचं कर्तव्य आहे. एका खेपेत होत नाही हे खरं, पण टक्केवारीवाल्यालाही त्याच टेबलावर जावं लागतं.

दुसरं, पुढे मिळणारी पेन्शन कुणी लिहून घेतली असेल, गहाण घेतली असेल, तर घाबरू नका. १८७१ चा पेन्शन कायदा अजून जिवंत आहे. त्याच्या १२ व्या कलमानुसार पुढे देय होणाऱ्या पेन्शनबद्दल असे करार रद्दबातलच ठरतात, स्टॅम्प पेपर कितीचाही असो. सावकारानं पीपीओ किंवा एटीएम कार्ड ठेवून घेतलं असेल तर आधी बँकेत जाऊन कार्ड बंद करा, मग सहकार खात्याच्या उपनिबंधकाकडे तक्रार द्या. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याप्रमाणे परवाना नसताना सावकारी करणं गुन्हा आहे.

तिसरं, वकील. डिसॅबिलिटी पेन्शन किंवा फॅमिली पेन्शनसाठी ट्रिब्युनलमध्ये, म्हणजे सशस्त्र दलांच्या न्यायाधिकरणात, जावं लागतं, तेव्हा काही जण ‘आता फी नको, जिंकल्यावर थकबाकीच्या तीस टक्के’ म्हणतात. ऐकायला गोड वाटतं. पण बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे वकिलाला निकालावर अवलंबून फी ठरवता येत नाही आणि मिळालेल्या रकमेत वाटाही घेता येत नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकील मिळतो. २०२५ च्या जुलैमध्ये नालसानं, म्हणजे राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणानं, वीर परिवार सहायता योजना आणली आहे, तिच्यात सैनिक बोर्डांच्या कार्यालयांत कायदेशीर मदत केंद्रांची सोय आहे. तुमच्या जिल्हा कार्यालयात विचारा, नुसतं ‘नालसाचं केंद्र’ म्हटलं तरी कळतं.

आणि एक पैसा असा असतो की तो आहे हेच घरच्यांना माहीत नसतं. पगाराचं खातं डिफेन्स सॅलरी पॅकेजखाली असेल तर त्यावर बहुतेक वेळा अपघाती विमा असतो. बँकेच्या शाखेत लेखी अर्ज देऊन विचारा. याचाही ‘क्लेम करून देतो’ म्हणणारे एजंट आहेत. दिरांना सांगणं इतकंच, की वहिनींच्या सहीच्या कागदावर आधी मजकूर भरून घ्या.

नोकरीत असलेल्यांच्या घरी आणखी एक क्रूर फोन येतो: ‘आपके आदमी का एक्सीडेंट हुआ है, हॉस्पिटल में पैसा जमा करना है.’ जवान ड्यूटीवर, फोन लागत नाही, हे ठगाला ठाऊक असतं. खरी बातमी युनिटकडून येते आणि युनिट कधीही पैसे मागत नाही. मिलिटरी हॉस्पिटलात जवानाच्या इलाजाचे पैसे भरावे लागत नाहीत. युनिटच्या अ‍ॅडज्युटंट ऑफिसचा नंबर वहीत पहिल्या पानावर हवा, तो याच दिवसासाठी.

जेव्हा ठगच फौजी होतो

मघाशी म्हटलं तो किस्सा. जुन्या वस्तूंच्या ॲपवर बुलेट स्वस्तात. विक्रेता ‘आर्मीमें हूँ, पोस्टिंग आ गई’. वर्दीतला फोटो, कॅन्टीन कार्ड, ओळखपत्र सगळं पाठवतो. गाडी ‘आर्मी ट्रान्सपोर्ट’नं निघते, मग गेट पासचे पैसे, मग जीएसटीचे. गाडी येत नाही. आमच्या भागात एका निवृत्त नायकाच्या दारात पोलीस आले, तेव्हा त्याला कळलं की त्याच्याच फोटोवर तिकडे दुसऱ्या राज्यात तीन गाड्या ‘विकल्या’ गेल्या.

दुकान टाकलेल्या माजी सैनिकांनी दुसरी आवृत्ती लक्षात ठेवावी. ‘कॅम्पसाठी शंभर प्लेट जेवण’, ‘युनिटसाठी चाळीस ब्लँकेट’. ऑर्डर मोठी, बोलणं अगदी आपलं, ‘जय हिंद’नं सुरू. मग म्हणतो, पेमेंट आर्मीच्या अकाउंटवरून होईल, आधी हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका म्हणजे पैसे येतील. यूपीआयमध्ये पैसे यायला पिन लागत नाही. पिन लागतो तो फक्त जायला. एवढं वाक्य मी आमच्या किराणा दुकानाच्या गल्ल्यावर चिकटवून ठेवलं आहे.

गेले पैसे, तर पुढचा तास

लाज बाजूला ठेवा. कर्नल हुद्द्याची माणसं फसली आहेत, बँक मॅनेजर फसले आहेत. पैसे गेल्याचं कळताच १९३० लावा. व्यवहाराचा मेसेज समोर ठेवून बोला: रक्कम, वेळ, व्यवहार क्रमांक, कोणत्या खात्यातून गेले. हा फोन लवकर झाला तर पैसे ज्या खात्यात गेले तिथेच गोठवता येतात, कारण या यंत्रणेशी बँका जोडलेल्या आहेत. पैसे पुढच्या चार खात्यांत फुटले की काम कठीण होतं. लाइन व्यस्त लागली तर थांबू नका, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार टाका. तक्रारीचा पोच क्रमांक वहीत.

मग बँक. खातं आणि कार्ड बंद करा आणि तक्रार लेखी द्या, तारखेसह पोच घ्या. रिझर्व्ह बँकेनं २०१७ मध्ये आणलेल्या नियमाप्रमाणे तुमची चूक नसेल आणि बाहेरच्या कुणी व्यवहार केला असेल, तर तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास तुमची जबाबदारी शून्य. ओटीपी स्वतः सांगितला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणून सांगितला असला तरी लगेच कळवा, उद्या नको. बँकेनं ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, फी नाही. चौकशीसाठी १४४४८. माल किंवा सेवेबाबतची तक्रार असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

संशयाचे फोन आणि मेसेज दूरसंचार खात्याच्या संचार साथी पोर्टलवरच्या ‘चक्षू’वर नोंदवता येतात. तिथेच तुमच्या नावावर किती सिम चालू आहेत तेही दिसतं. मी पाहिलं तेव्हा माझ्या नावावर चार होती, त्यातली दोन माझी नव्हती.

नोकरीत असाल तर युनिटला सांगा. ‘साहेब काय म्हणतील’ म्हणून तीन आठवडे गप्प बसलेले जवान मला माहीत आहेत, त्या तीन आठवड्यांत पैसे पार निघून गेले. तुम्ही लांब असाल तर घरून बायको १९३० लावू शकते, तिच्याकडे व्यवहाराचे तपशील असले की झालं.

तक्रार दिल्यावर आठ-दहा दिवसांनी आणखी एक फोन येईल. ‘सायबर सेल से बोल रहे हैं, आपका पैसा रिकवर हो गया है, रिलीज़ के लिए पाँच हज़ार.’ त्याच्याकडे तुमच्या तक्रारीचे तपशीलही असू शकतात. फसलेल्या माणसांच्या याद्या विकल्या जातात आणि बुडालेला माणूस काडी धरतोच. त्याला सांगा, पोलीस ठाण्यात येतो, अधिकाऱ्याचं नाव सांगा. मग वहीतल्या नंबरवर ठाण्याला फोन लावा.